दातात कीड आहे म्हणून गुडघ्याचं ऑपरेशन का थांबलं?

दादा, तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. त्यातलं निम्मं मला पटलं आणि निम्मं अजिबात पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी साताऱ्यात माजी सैनिकांच्या इम्प्लांटच्या शस्त्रक्रियांची जुळवाजुळव बघणारी नर्स आहे. गुडघा, खुबा, पेसमेकर. तपासण्या आणि कागद पूर्ण झाल्याशिवाय मी पेशंटला टेबलावर जाऊ देत नाही, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एका फौजीचा मुलगा’ अशी सही करून यांनी लिहिलं: वडिलांनी २४ वर्षं फौजेत काढली. कोरेगाव तालुक्यातून एसटीनं चार वेळा साताऱ्याला आले. गुडघा बदलायची तारीख दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा रद्द झाली, एकदा दातात कीड आहे म्हणून आणि एकदा ‘सेट आला नाही’ म्हणून. ‘तुम्हाला माणूस दिसत नाही, स्टिकर आणि शिक्के दिसतात. वडील तक्रार करत नाहीत याचा तुम्ही लोक फायदा घेता. आणि कुठल्या कंपनीचा गुडघा बसवायचा ते कमिशनवर ठरतं.’

तुमचे वडील कुठल्या हॉस्पिटलात गेले होते ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते आमचंच असेल असं धरून मी बोलते.

दातापासून सुरुवात करते, कारण राग तिथंच जास्त दिसतो. गुडघा दुखतोय आणि सिस्टर तोंड उघडायला सांगतेय, हे विचित्र वाटणार हे मला कळतं. पण किडलेल्या दाताच्या मुळाशी पू असेल तर तिथले जंतू रक्तात उतरतात. एरवी शरीर त्यांना मारून टाकतं. गुडघ्यात बसवलेल्या धातूला मात्र स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. जंतू त्याच्यावर चिकटले की स्वतःभोवती एक बुळबुळीत थर तयार करतात, आणि त्या थराच्या आत ना आपल्या पांढऱ्या पेशी नीट पोचतात ना अँटिबायोटिक. मग एकच रस्ता बऱ्याचदा उरतो. गुडघा पुन्हा उघडायचा, बसवलेलं सगळं काढायचं, त्या जागी औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवायचा, साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक द्यायचं आणि त्यानंतर तिसऱ्यांदा उघडून नवा सांधा बसवायचा. अशा एका सुभेदारसाहेबांचं ड्रेसिंग मी अडीच महिने केलंय. दर वेळी पट्टी सोडताना ते छताकडे बघत राहायचे, तोंडातून शब्द नाही. त्यांच्या मिसेस बाहेर बाकावर बसून रडायच्या. दात, लघवीतला जंतुसंसर्ग, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, टाचेच्या भेगा, तीन महिन्यांची सरासरी साखर, या पाच गोष्टींसाठी मी तारीख पुढं ढकलते आणि उद्याही ढकलेन. इथं मी तुमच्यापुढं नमतं घेणार नाही.

पण तुमच्या वडिलांना हे कुणी असं समजावून सांगितलं होतं का? ‘दाताचं करून या’ एवढंच सांगितलं असेल तर तुमचा राग बरोबर आहे. आणि ते सांगायला तिसऱ्या खेपेपर्यंत का थांबायचं? ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलीक्लिनिकमधून रेफरल, म्हणजे हॉस्पिटलसाठीची चिठ्ठी, घेऊन माणूस पहिल्यांदा आला त्याच दिवशी तोंड, पाय आणि लघवी बघता येते. रक्त, ईसीजी, एक्स-रे, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि भूलतज्ज्ञांची भेट एकाच दिवशी बसवता येते, फक्त कुणीतरी आदल्या दिवशी चार फोन करायला हवेत. तुमच्या वडिलांच्या चार खेपांपैकी दोन तरी अशा वाचल्या असत्या. दुखऱ्या गुडघ्यानं एसटीच्या पायऱ्या चढणं काय असतं हे मी रोज पायऱ्या उतरताना हात धरते म्हणून जाणते.

आता ‘सेट आला नाही’. इथं मी मान खाली घालून लिहितेय.

गुडघ्याचा सांधा म्हणजे एक वस्तू नसते. मांडीच्या हाडावर बसणारा भाग, नडगीवर बसणारी धातूची प्लेट आणि दोघांच्या मधली प्लास्टिकची गादी, प्रत्येकाचे वेगवेगळे साइज. एक्स-रेवरून डॉक्टर अंदाज बांधतात, पण नेमका साइज हाड कापून माप घेतल्यावरच ठरतो. म्हणून सगळे साइज आणि ते बसवायची हत्यारं असा पूर्ण सेट वितरकाकडून मागवावा लागतो. आमच्याकडे तो बहुतेक वेळा पुण्याहून येतो, तोच सेट आदल्या दिवशी दुसऱ्या गावच्या ऑपरेशनला गेलेला असतो, आणि आल्यावर हत्यारं आमच्याकडे ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेवर निर्जंतुक, करायची असतात.

काही वर्षांपूर्वी मी एका मेजरना रात्री बारापासून उपाशी ठेवलं होतं. (आपल्याकडे गावात निवृत्त शिपायालासुद्धा मेजरच म्हणतात, तसे मेजर.) सकाळी आठची वेळ. गाडी ‘निघाली, निघाली’ असं वितरकाचा माणूस सांगत होता. अकरा वाजता सेट उघडला तर नडगीच्या प्लेटचे दोन साइज त्यात नव्हते. डॉक्टरांनी केस रद्द केली आणि ते बरोबरच केलं. पण वयाची सत्तरी ओलांडलेला, मधुमेह असलेला तो माणूस हिरवा गाऊन घालून, पाय दाढी केल्यासारखा साफ करून, अकरा तास उपाशी पडून होता. मी सांगायला गेले तर उठून बसले आणि म्हणाले, “सिस्टर, काही हरकत नाही. फौजेत मूव्ह ऑर्डर अशीच बदलते.” चहा मागितला नाही. मला त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. तेव्हापासून आदल्या संध्याकाळी सहाला सेट आमच्या टेबलावर उघडून, साइज मोजून पूर्ण झाल्याशिवाय मी कुणाला उपाशी राहायला सांगत नाही. सहाला आला नाही तर पेशंटच्या घरी फोन करायचा आणि गावातून निघूच नका म्हणायचं. हा नियम एका माणसाला त्रास देऊन मी शिकले. तुमच्या वडिलांच्या वेळी असा फोन गेला नसेल तर ती आमच्या कामाची चूक आहे, नियमांच्या आड लपवता येणारी नाही.

वडील तक्रार करत नाहीत, हे वाक्य तुम्ही रागानं लिहिलंत. मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, दादा. सिव्हिलियन पेशंट सुई टोचायच्या आधी ओरडतो, मग मला कळतं काय होतंय. फौजी माणूस ‘एकदम ठीक’ म्हणतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी पोटरी सुजून टणक झाली तरी ‘ठीक’. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस हातचा जातो. त्यामुळे मी ‘दुखतंय का’ हा प्रश्न विचारणंच सोडलंय. रात्री कितीदा उठलात, जिना उतरताना कुठला पाय आधी टाकता, शेतात बांधावर बसता येतं का, संडासला काय करता, असं विचारते. आणि ते उत्तर देत असताना मी त्यांच्यामागं पदर सावरून उभ्या असलेल्या काकूंकडे बघते. काकूंची मान नकारार्थी हलली की मी त्यांचंच उत्तर लिहून घेते.

एकाची गोष्ट सांगते. १९७१ च्या लढाईतले, आता ऐंशीच्या घरातले. मी फॉर्म भरताना विचारलं, अंगात कुठं धातूचं काही आहे का? नाही म्हणाले. एक्स-रेत मांडीत, गुडघ्याच्या वर, दोन पांढरे ठिपके. विचारल्यावर म्हणाले, “तो स्प्लिंटर होय. तो तेव्हापासून आहे. त्याचं काय लिहायचं?” लिहायचं एवढ्यासाठी की त्याच पायात जुनी, चिघळलेली जखम होऊन गेली असेल तर नव्या सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि उद्या कुणी एमआरआयला पाठवलं तर तिथल्या माणसाला हे आधी माहीत असायला हवं.

म्हणून कागद. तुम्ही स्टिकरवर बोट ठेवलंत, तर स्टिकरबद्दलच मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात छोटे चिकट स्टिकर असतात. त्यावर कंपनी, मॉडेल, साइज, लॉट किंवा सीरियल नंबर. बसवलेल्या प्रत्येक भागाचा एक स्टिकर आम्ही केसपेपरवर लावतो, एक बिलाबरोबर ईसीएचएसला जातो, एक पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर. बिलासाठी लागतो हे खरं आहे, त्याशिवाय पैसे मिळत नाहीत. पण मी तो बिलासाठी जपत नाही.

मी नवीन होते तेव्हा एका रात्री माण तालुक्यातले एक निवृत्त नाईक चक्कर येऊन पडले म्हणून आले. नाडी चाळिसाच्या खाली. छातीत डावीकडे कातडीखाली पेसमेकर हाताला लागत होता. कधी बसवला, घरच्यांना नीट सांगता येईना. कुठल्या कंपनीचा, कुणालाच माहीत नाही. पेसमेकर बाहेरून तपासायला प्रोग्रॅमर नावाचं यंत्र लागतं आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. बॅटरी संपली आहे की वायर हलली आहे, हे त्याशिवाय कळायला मार्ग नाही. शेवटी छातीच्या एक्स-रेत पेसमेकरवरचं बारीक चिन्ह दिसलं, त्यावरून कंपनी ओळखली आणि पहाटे पुण्याहून माणूस यंत्र घेऊन निघाला. तोवर तात्पुरत्या वायरवर त्यांचं हृदय आम्ही चालवत ठेवलं. दोन दिवसांनी मुलानं घरून काळी ट्रंक उघडून कंपनीचं नाव असलेलं पेसमेकरचं कार्ड आणलं. पांढऱ्या रंगात नाव आणि आर्मी नंबर लिहिलेली ती ट्रंक तुमच्याही घरी असेल. फौजेतून सुटताना मिळालेलं डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), मेडल सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधलेलं, आणि पेसमेकरचं कार्ड मात्र तळाशी, लाइटबिलाच्या गठ्ठ्यात. त्या कार्डाचं महत्त्व त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते, हे कार्ड डिस्चार्ज बुकात ठेवा आणि त्याची एक झेरॉक्स खिशात. डिस्चार्ज बुक म्हटलं की त्यांचा चेहरा बदलतो. ते कार्ड पुन्हा हरवत नाही.

आणखी एक सांगते. खुब्याच्या सांध्याचं एक परदेशी मॉडेल २०१० साली जगभरातून परत मागवलं गेलं, कारण धातूवर धातू घासून त्याचे कण शरीरात उतरत होते. भारतात सुमारे ४,७०० जणांना ते बसवलं होतं. त्यातल्या बहुसंख्य लोकांचा नंतर पत्ताच लागला नाही. ज्यांना सापडून सांगायला हवं होतं की तुमच्या रक्ताची तपासणी करून घ्या, ती माणसं कुठल्या गावात आहेत हेच कळेना. स्टिकर नीट लावलेला आणि खाली गावाचा पत्ता, फोन नंबर नीट लिहिलेला असला तर अशा वेळी मी एका दुपारी माझ्या सगळ्या मेजरांना फोन करू शकते. माणूस दिसत नाही म्हणालात, पण त्या स्टिकरच्या खाली माझ्या अक्षरात अपशिंगे, कोरेगाव, दहिवडी, वडूज लिहिलेलं असतं आणि मला त्यातली बहुतेक माणसं चेहऱ्यानं आठवतात.

कमिशनबद्दल. मी एक रुपया घेत नाही, पण माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, तपासून बघा. १६ ऑगस्ट २०१७ ला सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती बांधून दिल्या. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये, त्याआधी सरासरी दीड लाखाच्या वर जात होता. पुन्हा कराव्या लागणाऱ्या ऑपरेशनचा १,१३,९५०. पुढं आकडे वेळोवेळी बदलले, पण बंधन आलं ते तेव्हापासून. ईसीएचएसच्या बिलाला इम्प्लांटची पावती जोडावी लागते आणि स्टिकरवरचा नंबर त्या पावतीशी जुळावा लागतो. तुम्हाला शंका असेल तर डिस्चार्जच्या वेळी स्टिकर आणि पावतीची झेरॉक्स मागा. मागायचा तुम्हाला हक्क आहे आणि मागितल्यावर कुणी तोंड वाकडं केलं तर ते मला लिहून कळवा. ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. ती तुमच्या वडिलांनी नोकरीनं कमावलेली आहे, उपकार म्हणून कुणी काही देत नाहीये.

तुम्ही शेवटी विचारलंय, आता काय करू. दाताचं काम झालं असेल तर दंतवैद्यांकडून तसं चार ओळी लिहून घ्या. रेफरलची मुदत बघा, संपली असेल तर पॉलीक्लिनिकमध्ये आधी नवा घ्या. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका, कधी थांबवायची ते डॉक्टरच सांगतील. तारीख मिळाली की आदल्या दिवशी संध्याकाळी सहा-साडेसहाला तिथल्या सिस्टरना फोन करून एवढंच विचारा, “सेट उघडून मोजला का?” हो म्हणाल्या तरच वडिलांना रात्रीपासून उपाशी ठेवा. आणि त्या दिवशी एसटीनं नका आणू, गाडी करा. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी त्यांना उभं करतील तेव्हा आई शेजारी असू दे. ते ठीक आहे म्हणाले तर सिस्टरना म्हणावं, आईला विचारा.