‘तयार करार फाडला’ म्हणे!

आमच्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर आप्पा दिवस उगवायच्या आत मेसेज टाकायला लागतात. निम्मे मधुमेहावरच्या काढ्यांचे असतात, उरलेले जगाच्या राजकारणाचे. मी उघडतही नाही. पण परवाचा मेसेज अमळनेरला अकरावीत शिकणाऱ्या माझ्या पुतणीनं जसाच्या तसा वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घातला आणि वर मलाच विचारलं, ‘काका, हाई बठ्ठं खरं शे ना?’

नाही बाई. बठ्ठं, म्हणजे सगळं, नाही, निम्मंही नाही.

मेसेजचं नाव ‘युक्रेन युद्धाचं सत्य, जे मीडिया लपवतो’. सार असं: युक्रेन नावाचा देश कधी नव्हताच. नाटोनं, म्हणजे अमेरिका-युरोपच्या लष्करी गटानं, रशियाला दिलेला शब्द मोडला. 2022 मध्ये शांतता करार सहीसाठी तयार होता, तो इंग्लंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान बोरिस जॉन्सननं फाडला. युक्रेनमध्ये अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांना बाहेर पडता यावं म्हणून रशियानं सहा तास युद्ध थांबवलं. आता ट्रम्प आणि पुतीन बसून सगळं मिटवतील, युक्रेनच्या अध्यक्ष झेलेन्स्कीनं मुकाट सही करावी. आणि काहीही झालं तरी आपल्याला काय फरक पडतो, उलट तेल स्वस्त मिळतं. शेवटी अर्थातच ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. पाठवलाच लोकांनी. चोपड्याच्या मामेभावाकडून, धुळ्याच्या एका वकील मित्राकडून, सगळीकडून मला तोच आला.

देश नव्हताच, यावर फार वेळ घालवत नाही. 1945 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक सदस्यांत युक्रेनचं नाव होतं, भारताचंही होतं. स्वतंत्र तेव्हा दोघेही नव्हते. मग आप्पांच्या हिशेबानं 1947 च्या आधी भारतही नव्हता म्हणायचं का? 1 डिसेंबर 1991 च्या सार्वमतात युक्रेनच्या 92 टक्के मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला. आज ज्या डोनेत्स्क-लुहान्स्कवर रशिया हक्क सांगतो तिथेही 80 टक्क्यांच्या वर. क्रिमियात काठावर, 54 टक्के, पण कौल तोच. 1997 च्या मैत्री करारात खुद्द रशियानं या सीमा मान्य केल्या. संपला विषय.

नाटोच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, हे नाइलाजानं कबूल करतो. फेब्रुवारी 1990 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर सोव्हिएत संघाचे नेते गोर्बाचेव्हना मॉस्कोत म्हणाले होते की नाटो पूर्वेकडे इंचभरही सरकणार नाही. चर्चा जर्मनीच्या एकीकरणाची होती आणि कुठल्याही करारात ते वाक्य उतरलं नाही, पण रशियाच्या मनात ते राहिलं. 2008 मध्ये बुखारेस्टला नाटोनं ‘युक्रेन आणि जॉर्जिया सदस्य होतील’ असं जाहीर केलं आणि कधी ते सांगितलंच नाही. हा तर शुद्ध गाढवपणा. संरक्षण नाही ते नाहीच, वर शेजाऱ्याला चिथावणी. इथपर्यंत आप्पांशी माझं भांडण नाही. पण 2014 मध्ये रशियानं क्रिमिया घेतला तेव्हा युक्रेन कायद्यानं अलिप्त होता. 2010 मध्ये त्यांच्याच संसदेनं तसा कायदा केला होता, आणि तो रद्द झाला डिसेंबर 2014 मध्ये, म्हणजे क्रिमिया गेल्यावर. पुढे एप्रिल 2023 मध्ये फिनलंड नाटोत गेला. रशियाला लागून त्याची 1,300 किलोमीटरहून लांब सीमा. तिथे रशियानं सैन्य घुसवलं? नाही.

आता जॉन्सन. माझं डोकं फिरलं ते इथे. मेसेजमधली बाकीची वाक्यं वाऱ्यावर सोडता येतील, पण हे वाक्य वरवर शहाणं दिसतं आणि म्हणून जास्त पसरतं. शिवाय ते युद्धाचा दोष उचलून मार खाणाऱ्याच्या पदरात टाकतं.

घडलं ते तारखांनी बघू. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियन सैन्य घुसलं. चारच दिवसांनी बेलारूसमध्ये बोलणी सुरू झाली. 29 मार्चला इस्तंबूलमध्ये एक आराखडा पुढे आला: युक्रेन नाटोत जाणार नाही, अण्वस्त्रं बाळगणार नाही, तटस्थ राहील, बदल्यात मोठे देश त्याच्या सुरक्षेची हमी देतील. क्रिमियाचं काय ते पुढच्या पंधरा वर्षांत बोलून ठरवायचं. एप्रिल उजाडता उजाडता युक्रेनची राजधानी कीवभोवतून रशियन सैन्य मागे हटलं आणि जवळच्या बुचा गावात रस्त्यावर पडलेली प्रेतं जगानं पाहिली. 9 एप्रिलला जॉन्सन कीवला पोचले. मेसेज इथे संपतो. बोलणी मात्र संपली नाहीत. त्यानंतरही मसुदा इकडून तिकडे फिरत राहिला. 15 एप्रिल 2022 चा मसुदा पुढे फुटला आणि जून 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापला. जॉन्सननं 9 तारखेला करार फाडला असेल, तर 15 तारखेला दोन्हीकडची माणसं कुठल्या कागदावर खाडाखोड करत होती?

त्या मसुद्यात काय होतं ते बघण्यासारखं आहे. कुठल्या बाजूला काय हवं ते त्यात वेगवेगळं दाखवलंय. युक्रेनला अडीच लाखांचं सैन्य हवं होतं, रशिया म्हणत होता 85 हजार. रणगाडे युक्रेनला 800 हवे, रशियाला 342 च्या वर चालणार नव्हते. क्षेपणास्त्रांचा पल्ला युक्रेनच्या मते 280 किलोमीटर, रशियाच्या मते 40. म्हणजे अमळनेरहून डागलं तर धुळ्याच्या आसपास पडेल, एवढंच. आणि समोरच्याच्या क्षेपणास्त्रांवर बंधन? शून्य.

पण खरी मेख पाचव्या कलमात. युक्रेनवर पुन्हा हल्ला झाला तर हमीदार देश मदतीला येणार, हा या कराराचा प्राण. हमीदार कोण? अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, चीन आणि रशिया. आणि रशियानं त्यात घातलेली अट अशी की मदतीचा निर्णय सगळ्या हमीदारांच्या एकमतानंच होईल. पुन्हा वाचा. रशियानं हल्ला केला तर युक्रेनला वाचवायला जायचं की नाही, यावर रशियाची संमती लागणार! आपल्याकडे बांध कोरणाऱ्याच्या सहीशिवाय मोजणीच होणार नाही असा नियम केला, तर पारोळा तालुक्यातला कोणता शेतकरी त्या कागदावर अंगठा उठवेल?

या देशानं आधीही कागद घेतलेला आहे, हे विसरू नका. 5 डिसेंबर 1994 ला बुडापेस्टमध्ये युक्रेननं अण्वस्त्रं सोडायचं मान्य केलं. साठा तेव्हा जगात तिसऱ्या क्रमांकाचा होता. बदल्यात अमेरिका, ब्रिटन आणि रशियानं त्याच्या सीमांचा मान राखू असं लिहून दिलं. वीस वर्षांत क्रिमिया गेला. अशा माणसाकडून दुसऱ्या वेळी कोऱ्या विश्वासावर सही मागायची म्हणजे कमाल आहे.

जॉन्सननं काहीच केलं नाही, असं मी म्हणत नाही. युक्रेनच्या शिष्टमंडळाचे प्रमुख डेव्हिड अराखामिया यांनी नोव्हेंबर 2023 च्या मुलाखतीत सांगितलं की जॉन्सन कीवला आले आणि म्हणाले, यांच्याशी सही करू नका, लढूया. हे खरं, आणि जॉन्सनना ते शोभलं नाही. मरणारे त्यांचे नव्हते. पण त्याच मुलाखतीत अराखामियांनी हेही सांगितलं की रशिया शब्द पाळेल असा भरवसाच आम्हाला नव्हता. मेसेज लिहिणाऱ्यानं पहिलं वाक्य घेतलं, दुसरं गाळलं. शिवाय पाश्चात्त्य देशांना आधी न विचारताच त्यांची नावं हमीदार म्हणून घातली गेली होती. तेही बिचकले. करार पडला तो या सगळ्यामुळे. एका माणसाच्या भेटीनं नव्हे.

सहा तासांची कथा तर त्याच आठवड्यात खोटी ठरली होती. 2 मार्च 2022 ला आपल्या दूतावासानं खारकिवमधल्या विद्यार्थ्यांना संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडून अमुक गावांकडे निघा असं कळवलं. ठिकाणं आणि वेळ रशियाकडून आलेल्या माहितीवर ठरली होती, हे खरं. पण म्हणून बॉम्बफेक थांबवली गेली असं म्हणणं साफ चुकीचं आहे, हे दुसऱ्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते अरिंदम बागची यांनी पत्रकारांसमोर सांगितलं. सरकारचाच माणूस नाही म्हणतोय! ऑपरेशन गंगात 22 हजारांवर लोक परत आणले, ते काम मोठंच आहे. त्याला असल्या ठिगळाची गरज नाही. आणि 1 मार्चला खारकिवमध्ये कर्नाटकातलं एक पोरगं किराणा घ्यायला रांगेत उभं असताना गेलं, त्याच्या आईबापांना हा मेसेज कोणी पाठवू नये एवढंच.

‘दोघं मोठे बसले की मिटतं.’ बसले की. 15 ऑगस्ट 2025 ला, आपण झेंडावंदन उरकून जिलबी खात होतो त्याच दिवशी, अलास्कात ट्रम्प आणि पुतीन भेटले. झेलेन्स्कीला बोलावणं नव्हतं. लाल गालिचा झाला, निवेदनं झाली, पत्रकारांचा एक प्रश्न घेतला नाही आणि करार न होताच दोघं आपापल्या विमानात बसले. युद्ध चालूच राहिलं. ज्याच्या घरावर ताबा घ्यायचाय त्याला बाहेर उभं करून दोघांनी आत वाटणी केली की काय होतं, हे 1973 मध्ये पॅरिसला दिसलं आहे. अमेरिकेनं उत्तर व्हिएतनामशी जुळवलं आणि दक्षिणेच्या अध्यक्ष थिऊंना दमात घेऊन सही करायला लावली. उत्तरेच्या फौजा दक्षिणेत होत्या तिथेच राहिल्या. एप्रिल 1975 ला दक्षिणेच्या राजधानीचं शहर सायगाव पडलं.

गंमत म्हणजे मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान लढाई मीच थांबवली असं ट्रम्प सांगत सुटले, तेव्हा ग्रुपवर सगळ्यात जास्त तापले होते ते आप्पाच. ‘आमचा प्रश्न आम्ही दोघं बघू, तिसऱ्याचं काय काम?’ बरोबर होतं त्यांचं. 1972 च्या सिमला करारापासून देशाचं धोरणच ते आहे. मग काश्मीरला एक माप आणि कीवला दुसरं कसं, आप्पा?

राहिला ‘आपल्याला काय फरक पडतो’. रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं आपल्या मालावर 25 टक्के जादा आयातशुल्क लावलं आणि ते 27 ऑगस्ट 2025 पासून लागू झालं. आधीचं 25 धरून तेव्हा 50 टक्के झालं. कापड आणि तयार कपड्यांवाल्यांचं कंबरडं मोडलं. त्याच महिन्यात, 19 ऑगस्टपासून, केंद्रानं परदेशी कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क काढलं. कारण दिलं कापड उद्योगाला कापूस कमी पडू नये हे. सूट आधी सप्टेंबरअखेर होती, मग 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. खान्देशात कापूस वेचून घरात येतो तो नेमका याच महिन्यांत. हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलला 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 रुपये जाहीर होता, आणि खेडा खरेदीतले व्यापारी ओलाव्याचं कारण सांगत त्याच्या खालीच मागत होते. आप्पांचा स्वतःचा कापूसही तेव्हा ओट्यावरच पडून होता.