एकदाच घेतो, पण भारी घेतो

गेमिंग पीसी दहा वर्षं टिकायला हवा असेल, तर आधी बजेट ठरवा आणि मग ते विसरा. घरी मात्र ठरलेलाच आकडा सांगा. 'एकदाच घेतो, पण भारी घेतो' हे वाक्य बाबांसमोर ठामपणे म्हणायचं, मान खाली घालायची नाही. ठाण्यात या एका वाक्यावर लोकांनी टू बीएचके बुक केलेत, तुमच्या ग्राफिक्स कार्डाचं काय घेऊन बसलात!

तर सुरुवात ग्राफिक्स कार्डानेच करा. उरलेल्या पैशात बाकीचा पीसी बसवा. नाही बसला तर बसेल तेवढा. आरटीएक्स ५०९० घेतलंत तर उत्तमच. दोन लाखांच्या वर जातं आणि एकटंच ५७५ वॅट खातं, म्हणजे विजेचं बिल आलं की घरातल्या सगळ्यांना कळतं की आपल्याकडे काहीतरी भारी आहे. त्यावर खेळायचा व्हॅलोरंट. तो प्रोसेसरमधल्या जुन्यापुराण्या इंटेल ग्राफिक्सवरही चालतो, पण हे घरी कुणाला कळता कामा नये. कुणी खोदून विचारलंच तर 'जीटीए सिक्ससाठी घेतलंय' म्हणा. जीटीए फाइव्ह कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. सिक्सची तारीखही कन्सोलपुरतीच जाहीर झालीय. तो पीसीवर येईस्तोवर तुमच्या कार्डाची वॉरंटी संपत आलेली असेल, पण आधीच घेऊन ठेवल्याचं समाधान काही वेगळंच.

एवढे पैसे नसतील तर निदान मॉडेलचा नंबर मोठा बघा. कार्डावर मेमरी किती, हा प्रश्न संशयी माणसं विचारतात. २०१७ च्या १०८० टीआय कार्डावर ११ जीबी मेमरी होती आणि २०२० च्या ३०७० कार्डावर ८ जीबी. नवीन कार्ड ताकदीचं, तरी नव्या गेममध्ये टेक्श्चर (चित्रातला बारीक तपशील) 'अल्ट्रा'वर नेलं की ते अडखळतं. मेमरी भरली की ताकद घेऊन करायचं काय? पण तुम्ही दहा वर्षांचा विचार करताय, असल्या क्षुल्लक गोष्टींत कशाला पडता.

प्रोसेसरचंही तेच. सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा, विचारू नका. २०१७ मध्ये ज्यांनी एएमडीच्या एएम४ सॉकेटचा साधा मदरबोर्ड घेतला, त्यातल्या अनेकांनी पाच वर्षांनी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून त्याच बोर्डावर ५८००एक्स३डी हा नवा प्रोसेसर बसवला आणि आजही ते सुखाने खेळतायत. असल्या चिकट लोकांची संगत धरू नका. त्याच २०१७ च्या जानेवारीत ज्यांनी 'दहा वर्षं बघायला नको' म्हणत इंटेलचा सातव्या पिढीचा आय७ घेतला, त्यांचा आदर्श ठेवा. वर्ष सरायच्या आत आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव तेच, पण मदरबोर्ड नवा लागतो म्हणाले. पुढे विंडोज ११ ने त्यांना दारातूनच परत पाठवलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही संपला. प्रोसेसर अजून ठणठणीत आहे, हे सांगायची सोय तेवढी राहिली. आता एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटला एएमडीने २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देऊ असं सांगितलंय, म्हणून तो टाळा. जो सॉकेट बंद व्हायला आलाय त्यावर सेल जोरात असतो.

रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीपासून असे चढलेत की दुकानदार आकडा सांगण्याआधी तुम्हाला बसायला सांगतो. एआयवाल्यांचे डेटा सेंटर सगळा माल उचलतायत. तेव्हा दोन काड्यांऐवजी एकच घ्या, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सपो, म्हणजे रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग, चालू करायच्या भानगडीत पडू नका. ६००० ची रॅम ४८०० वर चालली तर तेवढीच तिला विश्रांती.

आता एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण पैसे वाचवायची खरी जागा हीच. काळा डबा, आत काय आहे दिसत नाही, दिवे लागत नाहीत, मित्र घरी आला तर त्याकडे बघतही नाही. चांगल्या एसएमपीएसवर कंपनी स्वतःहून दहा वर्षांची वॉरंटी लिहून देते. पीसीतल्या फार थोड्या वस्तूंना ते भाग्य आहे. तुम्हाला दहा वर्षंच हवीत, समोरचा दहा वर्षं लिहून द्यायला तयार आहे. नेमका इथेच हात आखडता घ्या. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो लावा. अगदीच मन खात असेल तर 'गोल्ड' लिहिलेलं कुठलंही स्टिकर शोधा. ८० प्लस गोल्ड म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचा दाखला. व्होल्टेज उसळलं तर हा डबा बाकीच्यांना वाचवेल की सोबत घेऊन जाईल, त्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. शिवाय जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर (काढता-घालता येणाऱ्या) केबल्स जपून ठेवा आणि नव्याला लावा. प्लग बसतो की नाही एवढंच बघायचं. आतल्या तारांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, ही गोष्ट तुमच्या हार्ड डिस्कला शेवटच्या क्षणी कळेल.

अर्थिंगचा विषय तर काढूच नका. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये राहत असाल तर प्लगची वरची जाड पिन, म्हणजे अर्थिंगचीच, वगळून थ्री-पिनचा टू-पिन करणारा कन्व्हर्टर घ्या, दहा-वीस रुपयांत काम होतं. मग अनवाणी उभं राहून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लावा. मुंग्या येतात ना? टेस्टर लावलात तर त्याचा दिवाही लागेल. एसएमपीएसच्या फिल्टरमधून झिरपणारा करंट जमिनीची वाट शोधतोय, ती तुमच्यातून मिळाली. यूपीएस घेणारच असाल तर ६०० व्हीएचा घ्या. तो साधारण ३६० वॅट देतो. वर हिशोब केलेल्या एकट्या कार्डालाही पुरत नाही. लाइट गेली की तोही जातो, म्हणजे निदान वेळेचा पक्का.

कॅबिनेट पुढून काच, बाजूने काच असंच हवं. हवा आत कुठून येणार, हा प्रश्न हवेचा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी खिडकी उघडी ठेवावी. मेट्रोचं काम आणि नव्या टॉवरांची सिमेंटची धूळ फिल्टरवर चढली की पंख्यांचा आवाज आपोआप गेमच्या आवाजाच्या वर जातो. साफ करताना काच काढून टाइल्सवर कोपऱ्यावर उभी करा. टफन काच मधोमध बुक्की मारली तरी फुटत नाही, कोपरा टाइलला टेकला की क्षणात साखरेसारखी पसरते. आणि खंडेनवमीला पूजा झालीच पाहिजे. आई झेंडूची माळ घालते, हळदकुंकू वाहते, वरच्या जाळीवर अक्षता टाकते. त्यातल्या काही तांदळाच्या कण्या खाली उतरून कार्डाच्या पाठीवर बसतात, एखादी पंख्यात जाते आणि मग दिवाळीपर्यंत टक्‌टक्‌टक्‌ चालू राहतं. माल कुठून घ्यायचा तर लॅमिंग्टन रोडवरून. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो धरून ग्रँट रोड. रविवारी जावं, दुकानं बहुतेक बंद असल्याने गर्दी नसते. चुकून दुसऱ्या दिवशी गेलात तर येताना संध्याकाळी साडेसहाला कॅबिनेटचा खोका डोक्यावर धरून दादरला फास्ट पकडा. बाकी शॉक टेस्टिंगची गरज उरत नाही.

राहिला मॉनिटर. तीन पीसी बदलले तरी तोच चालतो, म्हणून त्यावर खर्च करण्यात काय हशील? काकांच्या ऑफिसातून निघालेला साठ हर्ट्झवाला आणा. केबल लावताना खाली वाकून कार्डाचं पोर्ट शोधत बसू नका, वर मदरबोर्डचं पोर्ट आयतं हाताशी येतं, तिथेच खोचा. चित्र दिसेल. गेम प्रोसेसरमधल्या इवल्याशा ग्राफिक्सवर रखडला तरी घाबरू नका. खाली दोन लाखांचं कार्ड नुसतं दिवे लावून बसलंय, तापत नाही, झिजत नाही. ते दहा काय, वीस वर्षं टिकेल.