‘आकार तोच, पैसे वाया’ : दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार. अभिप्राय सविस्तर लिहिलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आमचा प्रोग्रॅम जुन्या गेमिंग कन्सोलच्या गेमच्या फाइली एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतो. निन्टेन्डो ६४ च्या गेमची व्ही६४ प्रकारची फाइल झेड६४ प्रकारात बदलूनही आकार बाइटभर बदलला नाही, म्हणजे प्रोग्रॅमने काही केलेच नाही, ही तुमची पहिली तक्रार. सुपर निन्टेन्डोची एसएमसी फाइल एसएफसी करताना ५१२ बाइट ‘खाल्ले’, ही दुसरी. त्याच फाइलवर भाषांतराचा पॅच (गेमच्या फाइलीत बदल करणारी छोटी फाइल) लावल्यावर गेम काळ्या पडद्यावर अडकला, ही तिसरी. शिवाय फाइलीचे नुसते नाव बदलूनही गेम चालतो, मग पैसे कशाला, असा टोलाही आहे, आणि एका कन्सोलचा गेम दुसऱ्यासाठी बदलून द्या, अशी मागणीही.

व्ही६४ आणि झेड६४ मध्ये मजकूर एकच असतो, फक्त बाइटच्या जोड्या उलट्या लावलेल्या असतात. आकार बदलला असता तर काहीतरी बिघडले, असे मीच म्हटले असते. हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) दोन्ही फाइली शेजारी उघडून पाहा. जुनीची सुरुवात ३७ ८० ४० १२ अशी दिसेल, नवीची ८० ३७ १२ ४०. थोडे खाली गेमचे नाव असते. तुमची फाइल सुपर मारिओ ६४ ची आहे, म्हणजे जुन्या फाइलीत नावाच्या शेवटी ‘४६’ दिसेल आणि नव्या फाइलीत ‘६४’. पूर्ण फाइलभर हेच झाले आहे.

नाव बदलून काम भागते, हे खरे आहे. बरेचसे एमुलेटर (संगणकावर कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्रॅम) पहिले चार बाइट पाहून क्रम ओळखतात आणि गेम मेमरीत घेताना सरळ करतात. तुम्हाला तेवढेच हवे असेल तर आमचा प्रोग्रॅम घेण्याची गरज नाही, हे मी विक्रेता असूनही सांगतो. पण नाव बदलल्याने आतला एकही बाइट हलत नाही. त्यामुळे सीआरसी (फाइलीतल्या बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळत नाही आणि झेड६४ साठी केलेला पॅचही बसत नाही.

आता ते ५१२ बाइट. ते कार्ट्रिजमधले, म्हणजे गेमची चिप असलेल्या डबीतले, नव्हतेच. कार्ट्रिजची नक्कल फ्लॉपीवर उतरवणारी कॉपियर यंत्रे असत, ती स्वतःच्या सोयीसाठी फाइलच्या डोक्यावर ५१२ बाइटचा हा जादा तुकडा, म्हणजे हेडर, चिकटवत. १ मेगाबाइटच्या गेमची चिप १०,४८,५७६ बाइटची. तुमची मूळ फाइल १०,४९,०८८ ची होती. फरक बरोबर ५१२. आकाराला १०२४ ने भागून बाकी ५१२ उरली की हेडर आहे असे समजायचे, आणि एसएफसी म्हणजे हेडर नसलेली फाइल.

खरी गोम पॅचमध्ये आहे. आयपीएस प्रकारचा पॅच भोळा असतो: ‘अमुक जागेवर हे बाइट लिही’ एवढेच त्याला कळते, समोरची फाइल कोणती हे तो पाहत नाही. हेडर असलेल्या फाइलवर बेतलेला पॅच हेडर काढलेल्या फाइलवर लावला की प्रत्येक बदल ५१२ बाइट पुढे पडतो. संवादांची अक्षरे थेट गेमच्या कोडवर जाऊन बसली, तर पडदा काळा होणारच. (बीपीएस प्रकारचा पॅच आधी चेकसम, म्हणजे फाइलीचा पडताळणीचा आकडा, तपासतो आणि चुकीची फाइल सरळ नाकारतो, मिळत असेल तर तोच घ्या.) पॅचसोबतच्या टिपणात ‘हेडरसह’ लिहिले आहे का, ते पाहा. असेल तर पॅच आधी मूळ एसएमसीवर लावा, मग रूपांतर करा. प्रोग्रॅम मूळ फाइलला हात लावत नाही, ती त्याच फोल्डरमध्ये असेल. पुसली असलीत तर ‘हेडर जोडा’ हा पर्याय वापरा. त्याने ५१२ शून्ये पुढे लागतात आणि पॅचच्या जागा जुळायला तेवढी पुरतात.

एका कन्सोलचा गेम दुसऱ्यासाठी बदलून मिळावा, ही मागणी मात्र आमच्याच्याने पुरी होणार नाही. प्रोसेसरच वेगळे, तिथे रूपांतर नव्हे, गेम नव्याने लिहावा लागतो.

एवढे करूनही गेम अडकला तर पॅचचा प्रकार आणि फाइलचा अचूक आकार इथेच कळवा. फाइल पाठवू नका. गेमच्या प्रती आम्ही घेतही नाही आणि देतही नाही.