खुलासा : कॅप्टन जॉन पार्कर लेक्सिंग्टनच्या मैदानावर मारले गेले नव्हते

'अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात पहिली गोळी छातीवर झेलणारे अविवाहित कॅप्टन जॉन पार्कर' असा मजकूर एका पुतळ्याच्या फोटोसह सध्या ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

19 एप्रिल 1775 च्या पहाटे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या गावकरी पलटणीचे पुढारी पार्करच होते, हे खरं. इंग्रज फौजेशी झालेल्या चकमकीत तिथे आठ माणसं मारली गेली. त्यांत पार्कर यांचे चुलतभाऊ जोनास होते, ते संगिनीने मारले गेले. कॅप्टन मात्र वाचले. 25 एप्रिलला त्यांनी दिलेली शपथेवरची साक्ष आजही वाचायला मिळते. माणसांना 'पांगा, गोळी झाडू नका' असा हुकूम दिल्याचं ते त्यात स्वतः सांगतात. 19 एप्रिलच्याच दुपारी उरलेली माणसं गोळा करून त्यांनी परतणाऱ्या इंग्रज फौजेवर हल्लाही केला होता.

पेशाने ते शेतकरी. पत्नी लिडिया, सात मुलं. क्षयाने ते आधीच खंगले होते, त्यातच 17 सप्टेंबर 1775 ला गेले. गुलामगिरीविरुद्ध लढलेले थिओडोर पार्कर हे त्यांचे नातू.

पुतळा 1900 सालचा. पार्कर यांचं अस्सल चित्र उपलब्ध नाही, त्यामुळे तो चेहरा त्यांचा मानू नये.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.