जोडीने ऑर्व्हिएतो बघायचंय? मग एवढं कराच!

इटलीत गेलं की रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस सगळेच करतात. (हो, करतात. गावं बघायची पद्धत गेली. हल्ली गाव सत्यनारायणासारखं करायचं असतं.) म्हणून एक दिवस एखादं जुनं, लहानसं गाव दोघांनीच निवांत बघावं, असं आम्ही ठरवलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की माणसाला असलं काहीतरी सुचतं. रोमहून रेल्वेने सव्वा तासावरचं ऑर्व्हिएतो निवडलं, गेल्या महिन्यात जाऊन आलो, आणि निवांतपणातलं आपल्याला काहीएक कळत नाही हे कळून चुकलं. ज्यांना कळतं ती माणसं तिथेच भेटली. त्यांच्याकडून जे शिकलो ते तुमच्यासाठी लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी, दिवस एक असला तरी गावं तीन घ्या. सकाळी ऑर्व्हिएतो, दुपारी चिविता, संध्याकाळी असिसी. ऑर्व्हिएतोला पन्नास मिनिटं रग्गड झाली, त्यातली दहा आइस्क्रीमची. गावात तुम्हाला पाठीवर घरं घेतलेल्या गोगलगायीचं एक चिन्ह दिसेल. १९९९ मध्ये इटलीतल्या चार गावांनी एकत्र येऊन 'चित्तास्लो' नावाची चळवळ सुरू केली, तिचं हे चिन्ह. पन्नास हजारांच्या आतली वस्ती, गाड्या कमी, गोंगाट कमी, आपल्याच मातीतलं खाणं आणि कशाचीही घाई नाही, असा त्यांचा बेत. त्या चारांतलं एक ऑर्व्हिएतो, आणि चळवळ सुरू झाली तीही इथेच. पण गोगलगाय बघून फसू नका. तिच्या पोटात पाय असतात, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तुम्ही ते बाहेर काढा आणि पळत सुटा.

कागदी तिकीट काढलं असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का उठवायचा असतो. उठवू नका. दंड हाही प्रवासातला एक अनुभवच.

स्टेशन खाली, गाव वर कड्यावर. कडा ज्वालामुखीच्या राखेपासून झालेल्या दगडाचा, चारी बाजूंनी तासल्यासारखा उभा. वर जायला दोरावर चालणारी छोटी रेल्वे, म्हणजे फ्युनिक्युलर आहे. १८८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरलं की तो खाली यायचा आणि त्याच्या ओढीने खालचा वर जायचा. आता विजेवर चालते, थोड्या थोड्या वेळाने सुटते, दोन-तीन मिनिटांत पोचवते. तरीही दार उघडताच खिडकीतून रुमाल टाकून चार जागा धरा. एसटीत शिकलेली विद्या परदेशात वाया जाऊ देऊ नये. त्या चार जागा धरणाऱ्या मावशींच्या रुमालावर मी चुकून बसलो, तेव्हा मला माझी जागा कळली.

आता विहीर. हिच्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे.

१५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या फौजांनी रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट काही महिने किल्ल्यात कोंडला गेला आणि डिसेंबरात वेष पालटून निसटला, तो ऑर्व्हिएतोत आला. शत्रू कडा चढणार नाही हे खरं, पण वेढा पडला तर पाण्याचं काय? आपल्याकडे गडावर टाकी खोदत. याने अंतोनियो दा सांगाल्लो (त्यातला धाकटा) या वास्तुकाराला विहीर खोदायला सांगितली. १५३७ मध्ये ती पुरी झाली तोवर क्लेमेंट वारलाही होता. खोली ५३ मीटर, आतल्या भिंतीला सत्तरेक झरोके. पाणी वर आणायचं ते खेचरांच्या पाठीवर. मग प्रश्न आला, की रिकामं उतरणारं खेचर आणि भरलेलं चढणारं खेचर समोरासमोर आलं तर करायचं काय? खेचर मागे सरत नाही. म्हणून सांगाल्लोने जिने दोन केले. एकाच गोल भिंतीभोवती, एकमेकांत गुंफलेले, पण वरपासून खालपर्यंत कुठेही न भेटणारे. प्रत्येकी २४८ पायऱ्या, रुंद आणि बुटक्या, खेचराच्या पावलाला झेपतील अशा. एकाने उतरायचं, तळाशी पाण्यावरचा अरुंद पूल ओलांडायचा, दुसऱ्याने चढायचं. पाचशे वर्षं होत आली, खेचरांनी इथे कधी एकमेकांची वाट अडवली नाही.

आम्ही गेलो त्या दिवशी अडली.

तर अशा विहिरीत उतरताना तुमच्याकडे पुढील सामान हवं : बायकोसाठी पिवळाधमक गाऊन, ज्याचा घेर दोन पायऱ्यांवर पसरेल, मोबाइलची दांडी, गाणं वाजवायला डबी, आणि वरच्या झरोक्यात उभा करायला एक धाकटा भाऊ, जो योग्य क्षणी 'आता ये!' असं ओरडेल. विहिरीत आवाज छान घुमतो. 'ये' चार वेळा ऐकू येतं. मग तळाशी जाऊन बघायचं, की उतरायच्या जिन्यावर उजेड जास्त चांगला पडतो. मग त्याच जिन्याने पन्नास पायऱ्या उलट चढायचं. येणारे लोक भिंतीला चिकटतील, काळजी नसावी. मग पुन्हा उतरायचं, तिने झरोक्यातून येणाऱ्या उजेडाकडे बघत, त्याने पुलावरून तिच्याकडे बघत, जणू आयुष्यात पहिल्यांदाच. मग तो म्हणणार, "लाईट गेली गं, परत." मग परत. तिसऱ्या वेळी गाणं चुकीच्या ठिकाणी सुरू होणार. चौथ्या वेळी गाऊनचं टोक ओल्या पायरीवर पडणार. पाचव्या वेळी सगळं जुळून येणार, नेमका तेव्हाच एक जर्मन आजोबा काठी टेकत फ्रेममध्ये अवतरणार. काय माणसं असतात! पाचशे वर्षं जुन्या विहिरीत येतात आणि चक्क जिना उतरतात!

सात वेळा. मी मोजलं, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पूल एकच, त्यावर पिवळ्या गाऊनचा नवरा दांडी घेऊन उभा, आणि आम्ही वीस-पंचवीस माणसं जिन्यात एकामागे एक, रेशनच्या रांगेत उभी राहावीत तशी. खाली गार ओल, वर एवढंसं आभाळ. शेवटी बायको मला हळूच म्हणाली, "अहो, पुढे तरी व्हा, मागून माणसं येतायत." हे त्याच्या कानावर गेलं. चेहरा उजळला त्याचा. "अरे, मराठी! काका, दोनच मिनिटं. आणि जरा मागे सरका ना, फ्रेममध्ये येताय."

मागे सरका. खेचराला जे सांगायची सांगाल्लोची हिंमत झाली नाही, ते मला सांगितलं. आणि मी सरकलो.

त्या आजोबांनी मला इंग्रजीत विचारलं, हे काय बोलतायत? मी खांदे उडवले. मला मराठी येत नाही असा चेहरा केला. आयुष्यात पहिल्यांदा.

जेवण. ऑर्व्हिएतोत उम्ब्रिकेल्ली नावाच्या जाड, हाताने वळलेल्या शेवया मिळतात म्हणे. म्हणे एवढ्याचसाठी, की विहिरीतून वर येऊन आम्ही खानावळ गाठली तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि दुपारचं स्वयंपाकघर अडीचलाच बंद झालं होतं. आतली बाई खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवत होती. तिने आमच्याकडे ज्या कणवेने पाहिलं, ती कणव खाता येत नाही. आमचा सल्ला : सोबत चिवडा ठेवा. नाचणीचा असेल तर चढ सोसतो.

उपाशी बायकोशी या वेळी बोलू नये. मी बोललो. "मी सांगत होते, आधी जेवून घेऊ" आणि "मग विहिरीत उन्हं कशी दिसली असती" असं काहीतरी बरंच झालं. सांगायचं कारण, गाव त्यासाठी योग्य आहे. १५२८ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे वकील त्या परागंदा पोपला गाठायला इथेच आले होते, राजाची काडीमोड मंजूर करा म्हणून. पोपने चालढकल केली. बायकोला मी ही हकीकत सांगितली. ती म्हणाली, पोप शहाणा नव्हता.

गावाच्या मधोमध जे प्रचंड देऊळ आहे, म्हणजे त्यांचा दुओमो, तिथे तुम्हाला फार वेळ लागणार नाही. पाठ करून उभं राहायचं, उड्या मारायच्या, निघायचं. पायाभरणी १२९० ची, म्हणजे ज्ञानेश्वरी सांगून झाली ते वर्ष, पण त्याचं तुम्हाला काय? बाजूच्या भिंती काळ्या-पांढऱ्या दगडांच्या पट्ट्यांच्या, समोरची बाजू सोनेरी मोझेइकची, आणि खाली, अगदी डोळ्यांच्या उंचीवर, संगमरवरात सृष्टीची उत्पत्ती कोरलेली. डाव्या खांबावर आदम गाढ झोपलाय आणि देव त्याच्या बरगडीतून ईव्हला काढतोय. चिवडा संपल्यावर बायको तिथे बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "बघा, तेव्हापासून झोपलेलाच आहे." समेट झाला. त्या दिवसातली आमची निवांत म्हणावी अशी वेळ एवढीच, दहा मिनिटांची.

आत सिन्योरेल्ली या चित्रकाराचं चॅपल आहे. १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेलं, म्हणजे मायकेलअँजेलोने व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमध्ये 'अंतिम न्याय' हे चित्र रंगवायला घेतलं त्याच्या तीसेक वर्षं आधी. भिंतीवर ख्रिस्तासारखा दिसणारा तोतया उपदेश करतोय आणि मागून सैतान त्याच्या कानात कुजबुजतोय. सैतानाचा हात असा काढलाय, की तो तोतयाचाच वाटावा. हे बघायचं असेल तर शांतता लागते. बघायचं नसेल तर तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावा. "आई, दिसतंय का? नाही, ते नागडे आहेत ते. हो, चर्चमध्येच. अगं, जेवलीस का?" हा आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी वळून पाहिलं. पिवळा गाऊन. खालून ओला.

मग मात्र माझ्याच्याने उपरोध होईना.

अरे बाबांनो, फोटो काढू नका असं कोण म्हणतंय? आम्हीही काढले, चांगले चाळीस काढले. पैसा तुमचा, रजा तुमची, बायको तुमची, आणि नव्या लग्नाची हौस तर असावीच, आम्हालाही होती. पण जिना तुमचा नाही. दोन दिशांची माणसं एकमेकांच्या आड येऊ नयेत एवढ्याचसाठी कोणीतरी डोकं लावून बांधलेली ती जागा आहे, आणि तुम्ही तिथेच आडवे उभे राहिलात. तुमच्या मागे गुडघा दुखणारा म्हातारा पाऊण तास उभा होता, त्याच्याकडे तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. बघितलंत ते तो फ्रेममध्ये आला म्हणून. त्या विहिरीला ७० झरोके आहेत, त्यातल्या एकातून तरी डोळ्यांनी खाली वाकून बघितलंत का? आणि मला मराठीत 'काका' म्हणू नका. काका म्हटलं की मागे सरकावं लागतं. मी सरकलो, चूक माझीही आहे, तेव्हाच म्हणायला हवं होतं, ते आता म्हणतो.

दांडी खाली करा आणि पुलावरून बाजूला व्हा. मागे माणसं उभी आहेत.