छोट्या कॅबिनेटला लिक्विडच हवं? एका फॉरवर्डला उत्तर

पुण्यातल्या कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मिनी आयटीएक्स म्हणजे अगदी छोट्या कॅबिनेटमध्ये ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर पळवणं) करायचं तर लिक्विड कूलर, म्हणजे पाणी फिरवून प्रोसेसर गार ठेवणारा, घ्या आणि निवांत राहा, असा त्याचा एकंदर सूर. खाली मुद्दे, आणि पुरावा म्हणून पाच मिनिटांच्या टेस्टचा स्क्रीनशॉट. मूळ कुणी लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण नवीन मुलं त्याच्या भरवशावर दहा-बारा हजार घालवतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"लहान कॅबिनेटमध्ये एअर कूलर गुदमरतो. लिक्विडला आतल्या हवेशी देणंघेणं नसतं."

यातलं दुसरं वाक्य धडधडीत चूक आहे. नळीतलं पाणी उष्णता फक्त वाहून नेतं. ती सोडायची शेवटी हवेतच, रेडिएटर नावाच्या पंखे लावलेल्या जाळीतून. हिशोबच करू. कूलर मास्टरच्या एनआर200 सारखं 18 लिटरचं कॅबिनेट धरा, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून 400 वॅट धरा. आतली सगळीच्या सगळी हवा दर सेकंदाला एकदा नवी झाली, तरी बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा साधारण 20 अंशांनी गरम असते. खोली 34 अंशांवर असेल तर बाहेर 54. हा आकडा कूलरच्या जातीवर अवलंबून नाही, फक्त वॅट आणि हवेवर आहे.

आता रेडिएटर वरती लावून आतली हवा त्यातून बाहेर फेकली, तर त्याला ग्राफिक्स कार्डाने तापवलेल्या हवेवर भागवावं लागतं. उलट लावून खोलीतली हवा ओढली, तर प्रोसेसर खूश होतो आणि कार्डाच्या वाट्याला ऊन हवा येते. फुकट काहीच नाही. म्हणून लहान कॅबिनेटमध्ये पहिला प्रश्न "पाणी की हवा" हा नसतो. कूलर ताजी हवा कुठून घेणार आणि तापलेली कुठून जाणार, हा असतो.

एनआर200 मध्ये 155 मिलिमीटरच्या आसपासचा टॉवर, म्हणजे उभा एअर कूलर, बसतो. नॉक्टुआचा एनएच-यू9एस तर 125 मिलिमीटरचाच आहे. अशा टॉवरचं तोंड मागच्या पंख्याकडे असलं की हवा सरळ पार जाते, मधे पंप नाही, नळ्या नाहीत. तिथे लिक्विडसाठी जादा पैसे मोजायचं कारण मला दिसत नाही.

पण लियान लीचं ए4-एच2ओ घ्या. 11 लिटर, एअर कूलरला उंची फक्त 55 मिलिमीटर, आणि 240 मिलिमीटरचा रेडिएटर मात्र बसतो. तिथे ओव्हरक्लॉकिंग करायचं तर लिक्विडच घ्यावं. 37 मिलिमीटरचा एनएच-एल9आय घालून घड्याळ (म्हणजे प्रोसेसरचा वेग) वाढवायला जाणारे लोक मी पाहिलेत. तो ओव्हरक्लॉकिंगसाठी नाही हे नॉक्टुआ स्वतःच सांगते. म्हणजे मेसेजवाल्याचा निष्कर्ष काही कॅबिनेटांना लागू आहे. त्याने तो सगळ्यांच्या गळ्यात बांधला.

स्क्रीनशॉटचं म्हणाल तर पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे पहिली पाच मिनिटं प्रत्येक लिक्विड कूलर गुणी बाळासारखा वागतो. अर्धा तास ग्राफिक्स कार्डही सोबत पळवा आणि मग फोटो काढा.

"कूलरच्या खोक्यावरचे वॅट प्रोसेसरच्या टीडीपीपेक्षा जास्त असले की झालं."

टीडीपी म्हणजे प्रोसेसरवर कंपनीने लिहिलेले उष्णतेचे वॅट. पण यातली एकही बाजू नीट मोजलेली नाही. एएमडीच्या एएम5 सॉकेटवर 105 वॅट टीडीपीचा प्रोसेसर मुळातच 142 वॅटपर्यंत जातो आणि 170 वाला 230 पर्यंत. इंटेलच्या 13900के वर 125 लिहिलेलं असतं, टर्बोची (भाराखाली आपोआप वाढणाऱ्या वेगाची) मर्यादा 253. ही ओव्हरक्लॉकिंगच्या आधीची गोष्ट. खोक्यावरच्या वॅटला सगळ्या कंपन्यांचं मिळून एक माप नाही. कुणी किती तापमानाला, किती आवाजाला मोजलं, ज्याचं त्याला माहीत. नॉक्टुआने तर वॅटचा आकडा देणंच सोडून स्वतःची वेगळी तुलना सुरू केली.

आणि घड्याळ वाढवताना उष्णता सरळ रेषेत वाढत नाही. ती वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग 5 टक्के वाढवायला व्होल्टेज 10 टक्के वाढवावं लागलं, तर उष्णता 27 टक्के वाढली. मोठ्या कॅबिनेटमध्ये हे खपून जातं. 11 लिटरमध्ये तुम्ही 5 टक्के वेगासाठी पंख्यांचा विमानतळ करून ठेवता. लहान कॅबिनेटमधलं शहाणं ओव्हरक्लॉकिंग उलट दिशेनं जातं: बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एएमडीचा कर्व्ह ऑप्टिमायझर ऋण बाजूला न्यायचा, म्हणजे व्होल्टेज कमी करायचं, वॅटची मर्यादा आपण घालायची, आणि तेवढ्याच उष्णतेत जास्त वेग मिळवायचा. यात मजा कमी आहे असं म्हणणाऱ्यांना मी अडवत नाही.

"95 अंश दिसले की प्रोसेसर गेलाच समजा, मोठा कूलर घ्या."

एएमडीच्या रायझन 7000 मालिकेतले 7700एक्स, 7950एक्स हे पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत जातील असेच बनवलेत. तिथे पोचले की ते स्वतःच वेग सांभाळतात. 7800एक्स3डी ची हद्द 89 आहे. शिवाय यांचा कोअर असलेला तुकडा जेमतेम 70 चौरस मिलिमीटरचा. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढणं हीच अडचण असते, त्यामुळे कूलर दुप्पट केला तरी आकडा निम्मा होत नाही. भीती बाळगायचीच तर व्होल्टेजची बाळगा. 2024 मध्ये इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीचे प्रोसेसर अस्थिर झाले, तेव्हा कंपनीने कारण सांगितलं ते जादा व्होल्टेजचंच.

"चांगली पेस्ट लावली की 15 अंश उतरतात."

प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायच्या दोन चांगल्या पेस्टमध्ये दोन-तीन अंशांचा फरक. 15 उतरले असतील तर आधीचा कूलर वाकडा बसला होता.

"पुण्याची हवा थंड आहे, उन्हाळ्याची काळजी नागपूरकरांनी करावी."

हे लिहिणाऱ्याने टेस्ट डिसेंबरात केली असावी. डिसेंबरात पहाटे इथे 10-12 अंश असतात, पण एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा 38-40 ला टेकतो, आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना रात्री दहाला स्लॅब कसा धगधगतो ते विचारा. खोलीचं तापमान 12 अंश वाढलं की तेवढ्याच भाराखाली प्रोसेसरही साधारण 12 अंशांनी वर जातो. हवा असो वा पाणी, यातून सुटका नाही. डिसेंबरात 83 वर स्थिर वाटलेलं सेटिंग मे मध्ये 95 ला भिडतं. मर्यादा घालायची ती एप्रिलच्या दुपारी घाला. त्यात गल्लोगल्ली चाललेली बांधकामं. जाळीवर धुळीचा थर बसला की वरचा सगळा हिशोब बिघडतो.

याच मुद्द्याला कुणीतरी पुरवणी जोडलीय की पावसाळ्यात लिक्विड कूलरवर दव धरतं. धरत नाही. त्यातलं पाणी खोलीच्या तापमानाच्या खाली जातच नाही, मग दव कुठून येणार?

"दुकानदाराला कॅबिनेटचं नाव सांगा, तो बरोबर कूलर देतो."

तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन नाव सांगा, "बसेल हो" असं उत्तर मिळेल. दुकानात असलेला प्रत्येक कूलर बसतो. त्याचा दोष नाही, त्याच्यासमोर तुमचं कॅबिनेट नाही. मापं आपण न्यावीत. बाजूचा पॅनल काचेचा की जाळीचा, कारण त्यावरून उंचीची मुभा बदलू शकते. रॅमची उंची, कारण टॉवरचा पुढचा पंखा तिच्यावर चढून वर सरकतो. रेडिएटर साधारण 27 मिलिमीटर आणि पंखा 25, म्हणजे 52 ची जागा, शिवाय नळी वळायला आणखी. एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) केबली नेमक्या तिथेच गोळा होतात, तेही बघून ठेवा. हे सगळं कागदावर लिहून मगच पैसे काढा. पेस्ट लागलेला कूलर कुणी परत घेत नाही.