आधी छापा, मग विचारा

शाळेचं वार्षिक वेळापत्रक पालकांना आणि परिसरातल्या लोकांना विश्वासात घेऊन ठरवा, असा आदेश वरून आला म्हणून हातपाय गाळू नका. लोकसहभाग योग्य वेळी घेतला तर कुणालाच बाधत नाही. योग्य वेळ म्हणजे सगळं ठरून झाल्यावर.

तेव्हा आधी वेळापत्रक छापून घ्या. परीक्षांच्या तारखा, कामाचे किमान दिवस, शिक्षकांची प्रशिक्षणं, बसच्या कंत्राटाची मुदत एवढं बसवलं की जी जागा उरते ती लोकांची. काहीच उरलं नाही तर स्नेहसंमेलनाचा दिवस मोकळा ठेवा. त्यावर मंडळी तासभर भांडतील आणि आपण काहीतरी ठरवलं या समाधानात घरी जातील.

सभा कामाच्या दिवशी सकाळी ११ वाजता ठेवावी. सूचना आदल्या दिवशी मुलांच्या हाती द्यावी. ती दप्तराच्या तळाशी वर्षभर सुखरूप राहते. एवढं करूनही जे येतील ते म्हणजे समाज. बाकीचे उदासीन. पालकांच्या उदासीनतेबद्दल दोन खेदाची वाक्यं भाषणात असू द्या, नेहमी उपयोगी पडतात.

शेरी अर्नस्टाइन या बाईंनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या दोन पायऱ्यांना त्या सहभाग मानायलाच तयार नव्हत्या. त्यावरच्या तीन, म्हणजे माहिती देणं, मत विचारणं आणि चुचकारणं, यांना त्यांनी नुसता देखावा ठरवलं. बाई जरा कडकच. आपल्याला मात्र या तीन पायऱ्या पुरेशा आहेत. पुढे अधिकार वाटून द्यावे लागतात आणि फार उंचावर चक्कर येते.

प्रश्नावली जरूर काढा. ‘सुट्टी सोमवारी सुरू व्हावी की मंगळवारी?’ असे मोकळे प्रश्न विचारा. सुट्टी एकदम मोठी हवी की वर्षभर थोडी थोडी विभागून, असलं काही चुकूनही विचारू नका. लोकांना खरंच मत असतं. शेवटी ‘मुलांचं हित आपल्याला महत्त्वाचं वाटतं का?’ हा प्रश्न घाला. सगळे ‘होय’ म्हणतील. तो वेळापत्रकाला मिळालेला पाठिंबा समजावा.

खरी कला इतिवृत्तात आहे. ते सभेच्या आदल्या रात्री लिहिलं की हात मोकळा राहतो. ‘साधकबाधक चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य कुठल्याही सभेला लागू पडतं. सूचक आणि अनुमोदक यांची नावं भरायला जागा सोडा. सह्या मात्र लोक येतानाच घ्याव्यात, जाताना काहींची मनं बदललेली असतात. कुणी अडचणीचा मुद्दा काढलाच तर तो अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत ढकलावा. तिथवर पोचेपर्यंत सभागृहाची वेळ संपते, ती संपेल अशी व्यवस्था करणं हे तुमचं काम.

कुणाला बोलवायचं नाही, हेही ठरवून ठेवा. बसचालक, सफाई कर्मचारी, रात्रपाळी करणारे आईबाप: यांना सुट्ट्यांचा हिशेब सगळ्यांत चोख ठाऊक असतो, म्हणून ते धोकादायक. हंगामी कामाला बाहेर जाणाऱ्या घरांतली मुलं ऐन सत्रात महिनोन्‌महिने गायब होतात. वेळापत्रक त्यांच्यासाठी हलवता येईल का, असा विचार मनात आला तर झटकून टाका. त्यांची नोंद हजेरीपटात ‘अनियमित’ म्हणून होते, तेवढी पुरे. विद्यार्थ्यांना विचारायचा तर प्रश्नच नाही, वेळापत्रक त्यांचं असलं तरी.

राहता राहिली ती एक बाई, जी प्रत्येक शाळेत असतेच: दोन शाळांतल्या दोन मुलांच्या सुट्ट्या एकत्र कशा बसतील याचा तक्ता स्वतः करून आणणारी. तक्ता बहुधा बरोबरही असतो. तिच्याशी वाद घालू नका. भर सभेत तिचं कौतुक करा, टाळ्या वाजवायला लावा आणि तिच्या अध्यक्षतेखाली उपसमिती नेमा. पहिली बैठक नवं सत्र सुरू झाल्यावर, आणि अहवाल पुढच्या वर्षीचं वेळापत्रक छापायला गेल्यावर.